पेट्रोलियम जेली गिळली गेली तर : पोटाची चिंता किती आणि छातीची किती?

शेवंती (धागाकर्ती)

नमस्कार. घरात नुकतेच चालू लागलेले मूल असले की पेट्रोलियम जेलीची डबी केव्हा ना केव्हा त्याच्या हाती लागतेच. आमच्या नात्यात अलीकडे तसे घडले. दीड वर्षाच्या मुलीने उघड्या डबीत बोटे बुडवून ती चाटली आणि घरातल्या प्रत्येकाने वेगळा उपाय सुचवला. कोणी मिठाचे पाणी पाजून उलटी काढायला सांगितले, कोणी केळे भरवायला, कोणी दूध पाजायला. एका गृहस्थांनी तर "हे रॉकेलाचेच भावंड आहे, थेट दवाखाना गाठा" असे फोनवरून बजावले. मुलगी खेळत राहिली, तिला काही त्रास झाला नाही. परंतु हा पदार्थ गिळला गेल्यावर शरीरात त्याचे नेमके काय होते, तो पचतो, साठतो की जसाच्या तसा बाहेर पडतो, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ओठांना रोज लावणाऱ्या माणसाच्या पोटातही थोडाफार जातच असणार. शिवाय या पदार्थाचे जनक रॉबर्ट चेसब्रो रोज चमचाभर जेली खात असत असे जागोजागी वाचायला मिळते, त्याचा अर्थ काय लावायचा? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

आडवाट

मी रसायनशास्त्र शिकवतो, वैद्यक नव्हे. तेव्हा माझे म्हणणे पदार्थापुरते समजावे.

खनिज तेलाच्या ऊर्ध्वपातनानंतर मागे उरणाऱ्या जड भागातून मेण आणि तेल यांचे जे मऊ मिश्रण मिळते, ते कसून शुद्ध केले की पेट्रोलियम जेली तयार होते. तिच्यात मुख्यतः २५ हून अधिक कार्बन अणू असलेले संपृक्त हायड्रोकार्बन, म्हणजे केवळ कार्बन आणि हायड्रोजन यांचे स्थिर रेणू असतात. तूप किंवा गोडेतेल हाताला तसेच चिकट लागत असले तरी त्यांची रचना निराळी असते. त्यांच्या रेणूंमध्ये ग्लिसरॉल आणि मेदाम्ले यांना जोडणारे एस्टर बंध असतात आणि स्वादुपिंडातून येणारे लायपेज हे विकर (एन्झाइम) नेमके तेच बंध तोडते. जेलीच्या रेणूंत तोडण्याजोगा असा बंधच नाही, त्यामुळे आतड्यातील कोणतेही विकर तिच्या वाटेला जात नाही. तिच्यापासून ऊर्जा मिळत नाही आणि तिचे विघटन होऊन काही विषारी द्रव्य तयार होण्याचाही प्रश्न उद्भवत नाही. शरीराच्या उष्णतेने ती सैल होते, अन्नात मिसळते आणि जवळजवळ सगळी मलावाटे बाहेर पडते.

रॉकेलाशी तिचे नाते आहे हे खरे, कारण दोन्ही एकाच कच्च्या तेलातून येतात. परंतु रॉकेल अतिशय पातळ असते, ते गिळताना सहज श्वासनलिकेत उतरते आणि फुप्फुसांच्या आतल्या पृष्ठभागावर झपाट्याने पसरते. मुलांच्या रॉकेल-विषबाधेत जिवाला धोका होतो तो मुख्यतः त्यामुळे. जेली घट्ट असल्याने तशी पसरत नाही. एका खाणीतून निघाले म्हणून दोन पदार्थांचा धोका सारखा होत नाही.

चेसब्रो यांच्याविषयी. त्यांचा जन्म १८३७ चा. १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे तेल लागले, तेव्हा ते तिकडे गेले. तेल उपसणाऱ्या यंत्रांच्या दांड्यांवर साचणारा मेणचट थर कामगार कापल्या-भाजल्या जागी चोळतात हे त्यांनी पाहिले, त्यापासून शुद्ध जेली काढण्याची पद्धत बसवली आणि १८७२ मध्ये व्हॅसलीनचे पेटंट मिळवले. १९३३ मध्ये वयाच्या ९६ व्या वर्षी ते वारले. रोज चमचाभर जेली खाण्याची गोष्ट त्यांच्या नावावर सांगितली जाते. ती शब्दशः खरी धरली तरी तिच्यावरून निघते ते एवढेच, की एका धडधाकट माणसाला ती बाधली नाही. शिवाय ज्याचा माल त्यानेच तो खाऊन दाखवला, तर त्याला जाहिरात म्हणावे, प्रयोग म्हणू नये.

निवळशंख

आडवाट यांनी पदार्थाची बाजू नेमकी मांडली आहे. मी डॉक्टर आहे. शरीराच्या बाजूने लिहितो, आणि थोडे लांबवर लिहितो, कारण या विषयात लोक नको त्या ठिकाणी घाबरतात आणि घाबरायला हवे तिथे निर्धास्त असतात.

शुद्ध, बिनवासाची, औषधी प्रतीची पेट्रोलियम जेली बोटभर किंवा अगदी चमचाभर पोटात गेली, तर बहुतेक वेळा काहीही होत नाही. फार तर दुसऱ्या दिवशी शौचाला पातळ आणि तेलकट होते. याहून जास्त गेल्यास पोटात मुरडा येणे, जुलाब होणे, नकळत गुदद्वारातून तेलकट पाझर होणे असा त्रास होऊ शकतो. बद्धकोष्ठतेवर दिल्या जाणाऱ्या कित्येक पांढऱ्या पातळ औषधांमध्ये लिक्विड पॅराफिन असते, ते या जेलीचेच पातळ रूप होय. ते मलावर स्निग्ध थर चढवते आणि त्यातील पाणी आतड्यात शोषले जाऊ देत नाही. जेलीचा परिणामही त्याच धर्तीचा.

अशा वेळी करायचे काम साधे आहे. तोंडात उरलेली जेली ओल्या फडक्याने पुसून काढावी, घोटभर पाणी द्यावे आणि मुलावर लक्ष ठेवावे. केळे किंवा दूध देऊन अपाय होत नाही, पण त्याने साधतही काही नाही. मिठाचे पाणी मात्र कदापि पाजू नये. एक तर लहान मुलाच्या रक्तातील सोडियम त्याने इतके वाढू शकते की त्यातून आकडी येते, आणि मृत्यूही ओढवू शकतो. म्हणजे निरुपद्रवी पदार्थ बाहेर काढण्यासाठी आपण घातक पदार्थ आत घालतो. दुसरे म्हणजे उलटी होताना हा स्निग्ध पदार्थ घशात परत येतो आणि श्वासनलिकेत शिरण्याची संधी त्याला दुसऱ्यांदा मिळते.

खरा मुद्दा तिथेच आहे. पोटाला ही जेली सहज सोसते, फुप्फुसाला सोसत नाही. पाण्याचा थेंब चुकून श्वासमार्गात गेला तर जोराचा ठसका लागतो. खनिज तेल आणि त्याचे घट्ट प्रकार सौम्य असतात, ते घशाला झोंबत नाहीत, त्यामुळे ठसका लागतच नाही असेही होते. श्वासनलिकेच्या आतील केसांसारखे सूक्ष्म तंतू एरवी कचरा वर ढकलत असतात, त्यांचे कामही तेलामुळे मंदावते. थेंब खाली वायुकोशांपर्यंत जातात, तिथल्या भक्षक पेशी ते गिळतात, परंतु त्यांनाही हायड्रोकार्बन पचवता येत नाही. पेशी मरतात, तेल पुन्हा मोकळे होते, नव्या पेशी ते गिळतात आणि हे चक्र महिनोन्‌महिने चालत राहून सूज येते, पुढे व्रण धरतो. या आजाराला लिपॉइड न्यूमोनिया म्हणतात. नाकात तेलकट औषधे घेणाऱ्यांमध्ये तो होतो हे लॉफलेन या संशोधकांनी १९२५ मध्येच मांडले होते. तो जीवाणूंमुळे होत नसल्याने प्रतिजैविकांनी बरा होत नाही. कोरडा खोकला, चालताना लागणारी धाप, अधूनमधून बारीक ताप अशी लक्षणे असतात, आणि कित्येकदा काहीच लक्षण नसते. क्ष-किरण चित्रातील डाग पाहून क्षयाची किंवा कर्करोगाची शंका घेतली जाते. सीटी स्कॅनमध्ये त्या भागाची घनता चरबीइतकी कमी दिसली आणि रुग्णाला "नाकात काही तेलकट घालता का?" असे कोणी विचारले, तरच निदान लवकर होते. हा प्रश्न विचारायचे फार वेळा राहून जाते.

तेव्हा डबी चाटलेल्या मुलाच्या बाबतीत जेली किती गेली यापेक्षा चाटताना ते गुदमरले का, खोकले का, हे विचारावे. मोठा गोळा घशात अडकला, सतत खोकला सुरू झाला, श्वास जलद चालू लागला, ओठ निळसर दिसले, किंवा पुढच्या दिवसभरात ताप आला, तर वाट पाहू नये. नवी दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र आहे, त्याचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८.

खडीसाखर

डॉक्टर, आपला प्रतिसाद उपयुक्त आहे. तरी एक शंका विचारते. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत बाळाची टाळू भरणे, कानात आणि नाकात तेलाचे थेंब सोडणे हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. आयुर्वेदातही नस्य, म्हणजे नाकातून औषध देणे, सांगितलेले आहे. आम्ही सगळे त्याच तेलावर वाढलो. खनिज तेलाचा दोष तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलाच्या माथी कशाला मारायचा?

पायवाट

खडीसाखरताई, मी आरोग्यसेविका म्हणून गावोगाव फिरते, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मला रोजच द्यावे लागते. टाळूवर तेल चोळण्याला, अंगाला मालिश करण्याला कोणी हरकत घेत नाही. हरकत आहे ती बाळाला पायांवर उताणे निजवून, ते रडत असताना नाकात तेल सोडण्याला. रडणारे बाळ मोठा श्वास आत ओढते आणि तेल त्या श्वासाबरोबर थेट खाली जाते. एरंडेल किंवा बाळघुटी नाक दाबून पाजण्याची जी रीत काही घरांत आहे, तिचाही धोका हाच. नस्याचे विधान आहे, पण ते वैद्याने माणूस पारखून, वय पाहून करायचे कर्म आहे; तान्ह्या बाळाच्या नाकात न्हाणीवालीने अंदाजाने तेल सोडणे म्हणजे नस्य नव्हे. "आम्ही त्यावरच वाढलो" असे म्हणणाऱ्यांमध्ये जे वाढले नाहीत त्यांची गणती होत नाही, एवढेच नम्रपणे सांगते. नाक चोंदलेच असेल तर सलाइनचे थेंब पुरतात.

निवळशंख

पायवाटताईंशी पूर्ण सहमत. वनस्पतिज तेल आणि तूप यांनीही लिपॉइड न्यूमोनिया होतो. बाळांच्या नाकात तेल घातल्याने किंवा बळेच तूप पाजल्याने झालेले असे आजार भारतातून आणि अरब देशांतून वैद्यकीय साहित्यात नोंदले गेले आहेत. फरक असलाच तर तो दाहाच्या प्रकारात आहे, तुपासारखे प्राणिज स्निग्ध पदार्थ फुप्फुसात अधिक तीव्र दाह करतात. म्हणजे नैसर्गिक असण्याचा इथे काही लाभ नाही.

हेच मोठ्यांनाही लागू आहे. हिवाळ्यात नाक कोरडे पडते म्हणून रोज झोपताना दोन्ही नाकपुड्यांत बोटभर जेली भरणारे पुष्कळ लोक मी पाहतो. झोपेत ती सैल होऊन घशामागे उतरते, आणि वर्षानुवर्षे असे केल्यास पुढचे सगळे वर लिहिल्याप्रमाणे. नाकपुडीच्या कडेला अधूनमधून पुसट थर लावणे ही वेगळी गोष्ट.

माळढोक

माझी आई अर्धांगवायूनंतर अंथरुणाला खिळलेली आहे. तिला गिळताना ठसका लागतो. पोट साफ होत नाही म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेले लिक्विड पॅराफिनचे औषध रात्री झोपवताना चमच्याने देतो. वरील चर्चा वाचल्यावर ते चालू ठेवावे की नाही असा प्रश्न पडला आहे.

निवळशंख

माळढोक, आज रात्रीपासून देऊ नका, आणि उद्या तिच्या डॉक्टरांना फोन करून दुसरे औषध लिहून घ्या. गिळण्याची क्रिया बिघडलेली, शरीर आडवे, वेळ रात्रीची आणि पदार्थ ठसका न आणणारा. लिपॉइड न्यूमोनियासाठी याहून अनुकूल परिस्थिती शोधून सापडणार नाही. अशा रुग्णांसाठी लॅक्टुलोजसारखे पाण्यात विरघळणारे पर्याय आहेत, परंतु गिळण्याची अडचण असल्याने कोणतेही पातळ औषध तिला कंबरेपासून वर बसते करूनच द्यावे आणि दिल्यावर अर्धा तास तरी आडवे करू नये.

आणखी एक गोष्ट दीर्घकाळ घेणाऱ्यांसाठी. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे मेदात विरघळतात. आतड्यात न पचणारे खनिज तेल रोज असले तर ती त्यात विरघळून शोषली न जाताच बाहेर जातात. वॉरफरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असलेल्यांमध्ये के जीवनसत्त्वाचा हा तुटवडा रक्तस्रावापर्यंत जाऊ शकतो. गरोदर स्त्रियांनीही हे औषध स्वतःच्या मनाने घेऊ नये. एकदा बोट चाटण्याचा आणि या परिणामाचा संबंध नाही, हे सवयीचे परिणाम आहेत.

तिरकस

थोडक्यात, डबी बाळाला चाटू द्यावी आणि आजोबांच्या नाकापासून लपवावी.

आडवाट

तिरकसराव, लपवायची ती दोघांपासूनही.

ओठांना लावलेल्या जेलीबद्दल शेवंती यांनी विचारले होते, ते राहून गेले. सौंदर्यप्रसाधनांची सुरक्षितता तपासणारी युरोपीय समिती ओठांना लावायच्या पदार्थांचा रोजचा वापर ५७ मिलिग्रॅम धरते. तो सगळा पोटात गेला असे मानले तरी वर्षभराचे सुमारे २१ ग्रॅम होतात. त्यातला जड भाग शोषला जात नाही, पण तुलनेने लहान साखळीचे संपृक्त हायड्रोकार्बन थोडे शोषले जातात आणि यकृत, प्लीहा, लसिकाग्रंथी यांमध्ये साठतात. शवविच्छेदनात यकृतात त्यांच्या बारीक गाठी आढळतात आणि त्या सहसा निरुपद्रवी मानल्या जातात. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१२ मध्ये अन्नातून जाणाऱ्या खनिज तेलाविषयी चिंता व्यक्त केली होती. २०२३ च्या फेरविचारात संपृक्त भागाविषयीची चिंता मागे पडली, परंतु अरोमॅटिक, म्हणजे कार्बन अणूंची वलये असलेल्या भागापैकी तीन किंवा अधिक वलयांच्या रेणूंविषयीची कायम राहिली, कारण तो जनुकांना इजा करू शकतो. जेली शुद्ध करण्याची सगळी खटपट असते ती हा अरोमॅटिक भाग काढून टाकण्यासाठी.

म्हणून कोणती जेली हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. वेष्टनावर आय.पी., म्हणजे भारतीय औषधकोशाप्रमाणे, असा उल्लेख असलेली व्हाइट सॉफ्ट पॅराफिन वेगळी आणि हार्डवेअरच्या दुकानात बेअरिंगसाठी किलोवर मिळणारी पिवळी-तपकिरी जेली किंवा ग्रीस वेगळे. दुसऱ्या प्रकाराला शुद्धतेची हमी नसते आणि ग्रीसमध्ये साबण व इतर रसायने मिसळलेली असतात. ते पोटात गेले तर वर दिलेला कोणताही दिलासा लागू होत नाही.

खलबत्ता

मी औषधविक्रेता आहे. या धाग्यात अजून न आलेली आणि माझ्या मते सर्वांत धोक्याची गोष्ट नोंदवतो. गिऱ्हाईक "व्हॅसलीन खाल्ली" असे सांगते, पण डबी मागवून पाहिली तर ती सर्दीवर छातीला चोळायच्या मलमाची निघते. या मलमांचा पाया बहुधा पेट्रोलियम जेलीचाच असतो, दिसायलाही ती तशीच; परंतु त्यात कापूर, मेंथॉल, निलगिरीचे तेल असते. जेली निरुपद्रवी असली तरी कापूर तसा नाही. तो आतड्यातून झपाट्याने शोषला जातो आणि मेंदूवर परिणाम करतो. काही मिनिटांपासून दीड तासापर्यंत केव्हाही आकडी येऊ शकते, कधी तर आधी काहीही लक्षण न दिसता.

शरीराच्या वजनाच्या दर किलोला ३० मिलिग्रॅमहून जास्त कापूर पोटात गेल्यास रुग्णालयात न्यावे, असे विषचिकित्सेतील मार्गदर्शन आहे. १० किलो वजनाच्या मुलासाठी ही मर्यादा ३०० मिलिग्रॅम होते. अशा मलमात कापूर ५ टक्क्यांच्या आसपास धरला तर चमचाभराहून थोडे अधिक मलम पुरते. देवघरातील कापराची वडी तर बहुतांशी कापूरच असते आणि एका लहान वडीतही अर्धा ग्रॅम कापूर असू शकतो. आरतीचे तबक खाली ठेवण्याच्या सवयीकडे पालकांनी या दृष्टीने पाहावे.

सांधेदुखीच्या बाम आणि मलमांत मिथाइल सॅलिसिलेट असते, म्हणजे गंधपुऱ्याच्या तेलातील मुख्य द्रव्य. ते शुद्ध तेल ५ मिलिलिटर पोटात गेले, तर सुमारे ७ ग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेतल्यासारखे होते. ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून अधिक गोळ्या. मलमात ते पातळ केलेले असते हे खरे, पण मुलाचे वजनही कमी असते. तेव्हा फोनवर सल्ला विचारताना डबी हातात घेऊन तिच्यावरील घटक वाचून दाखवावेत आणि दवाखान्यात जाताना डबी बरोबर न्यावी.

निवळशंख

खलबत्ता यांचा प्रतिसाद खरे तर धाग्याच्या सुरुवातीला हवा होता. शेवंती, आपल्याला धाग्याचा मजकूर संपादित करता येत असेल तर तो वर घ्यावा. कापूर पोटात गेल्याची शंका असेल तर घरी उलटी काढू नये, कारण उलटी चालू असतानाच आकडी येऊ शकते. कोळसा, लिंबूपाणी वगैरे उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. मोठ्यांनी मधात किंवा चहात असे मलम मिसळून घेण्याचे जे संदेश थंडीत फिरतात, तेही याच कारणाने पुढे पाठवू नयेत.

शेवंती

खलबत्ता यांचा प्रतिसाद वर जोडला आहे. सर्वांचे आभार. एक शेवटचा प्रश्न एका मैत्रिणीकडून आला आहे. तिच्या वडिलांना घरी ऑक्सिजन चालू आहे, नळीमुळे नाक सोलवटते, म्हणून ते जेली लावतात. गिळण्याचा प्रश्न तिथे नाही, तरी ते योग्य आहे का?

निवळशंख

योग्य नाही, आणि कारणे दोन आहेत. ऑक्सिजनच्या सततच्या झोताने जेली नाकात आत सरकते, हे एक. दुसरे म्हणजे पेट्रोलियमयुक्त पदार्थ एकवटलेल्या ऑक्सिजनच्या सान्निध्यात सहज पेट घेतात. देवाजवळचा दिवा, गॅसची शेगडी किंवा विडीची ठिणगी पुरते. नाकासाठी पाण्यात विरघळणारे जेल औषधाच्या दुकानात मिळते, ते वापरावे, ऑक्सिजन देणाऱ्याकडून पाण्याची आर्द्रक बाटली जोडून घ्यावी आणि नळीचा कानामागे व गालावर घासणारा भाग मऊ कापसाच्या पट्टीने गुंडाळावा.